लाळेची तपासणी आणि तोंडातला एचपीव्ही : रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही?

आमची मावसबहीण, अक्का, ग्वाल्हेरला दिली आहे. घर लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दाजींची दाल बाजारात वर्षानुवर्षांची ऊठबस आणि तेवढीच जुनी पुडीची सवय. मागच्या दिवाळीनंतर एका रात्री दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक पीडीएफ टाकली. कुठल्याशा खाजगी लॅबचा रिपोर्ट होता. लाळेची तपासणी, एचपीव्ही निगेटिव्ह. खाली दाजींचा मेसेज, "तोंडाच्या कॅन्सरची टेस्ट केली. एकदम साफ. आता कुणी मला पुडीवरून बोलायचं नाही."

ग्रुपवर अंगठे पडले. एक अंगठा माझाही होता.

चार दिवसांनी अक्काचा फोन आला. "अरे, रिपोर्ट साफ आला म्हणतात, पण यांना पाणीपुरीसुद्धा तोंडात जात नाही. भाजीत जरा तिखट पडलं की डोळ्यांत पाणी येतं. मग हे कशानं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बी.कॉम. झालेला माणूस, वैद्यकीय विषयात आपला हात नाही. पण बातमीदार असल्याने ओळखीच्या दोन डॉक्टरांना आणि एका दंतवैद्यांना गाठलं, वाचलं, विचारलं. तेव्हा कळलं की ज्या टेस्टवर आम्ही सगळ्यांनी अंगठा दिला, ती टेस्ट दाजींच्या दुखण्याची नव्हतीच.

अशा टेस्टच्या जाहिराती आता आपल्याकडच्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. म्हणून हा विषय वाचकांसाठी एका जागी मांडत आहे.

एचपीव्ही म्हणजे काय?

ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. हा एक विषाणू नसून २०० हून जास्त प्रकारांचं मोठं कुटुंब आहे. बरेच प्रकार निरुपद्रवी असतात, काहींमुळे चामखीळ होते. मोजके प्रकार मात्र कॅन्सरकडे नेऊ शकतात. त्यात सर्वांत बदनाम म्हणजे १६ आणि १८ नंबरचे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर या विषाणूमुळे होतो हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

हाच विषाणू तोंडात आणि घशातही राहू शकतो. तिथे तो मुख्यतः मुखमैथुनातून पोचतो. असं लिहिताना आपल्याकडे जरा अवघड वाटतं, पण आडून-आडून बोलण्याने गैरसमजच वाढतात. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने हा रोग पसरतो असं मानून कुणाची भांडी वेगळी करायला जाऊ नये.

तोंडाचा कॅन्सर आणि घशाचा कॅन्सर, दोन वेगळी खाती

सगळा घोटाळा इथेच होतो. आपण सरसकट "तोंडाचा कॅन्सर" म्हणतो, पण डॉक्टर दोन भाग करतात.

पहिला भाग तोंडाच्या पोकळीचा. ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळूचा पुढचा भाग, जिभेचा पुढचा भाग. आपल्या देशात इथल्या कॅन्सरचं मुख्य कारण तंबाखू, गुटखा, सुपारी आणि दारू.

दुसरा भाग घशाच्या मागचा. टॉन्सिल, जिभेचं मूळ, पडजिभेच्या आसपासची जागा. एचपीव्हीमुळे होणारा कॅन्सर प्रामुख्याने इथे होतो आणि त्यात १६ नंबरचा वाटा सर्वांत मोठा असतो. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत सिगारेट कमी झाली, तसा तंबाखूचा कॅन्सर कमी होऊन हा विषाणूचा कॅन्सर वाढला. लाळेच्या टेस्टचा गाजावाजा तिकडे झाला तो त्यामुळे.

आपल्याकडचा हिशेब उलटा आहे. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघाले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत मध्य प्रदेशात १०० प्रौढांमागे ३४ जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते आणि २८ जण न जळणारी, म्हणजे चघळण्याची किंवा लावण्याची, तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हेच आकडे साधारण २७ आणि २४ होते. मध्य प्रदेशाने गुटख्यावर बंदी घातली ती १ एप्रिल २०१२ ला. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये घातली. त्यानंतर काय झालं हे कुठल्याही टपरीवर उभं राहिलं की दिसतं. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी, दोन्ही हातावर ओतायच्या की झाला गुटखा तयार.

निपाणीच्या तंबाखूवर पिढ्या जगलेल्या आपल्या सीमाभागाला हे वेगळं सांगायला नको. बाप्यांची तंबाखू-चुना आणि बायांची मिश्री, दोन्ही आपण घरात बघत मोठे झालो.

लाळेची तपासणी कशी करतात?

"लाळेची टेस्ट" म्हणतात, पण बहुतेक वेळा नुसती थुंकी घेत नाहीत. पद्धत साधारण अशी असते.

१. माणसाला मीठपाणी किंवा माउथवॉश देतात. अर्धा मिनिट तोंडात खळखळवून, घशापर्यंत नेऊन गुळणी करायची आणि ते पाणी नळीत थुंकायचं. गुळणी घशापर्यंत जाणं महत्त्वाचं, कारण विषाणूची जागा मागे असते.

२. त्या पाण्यात तोंडातल्या-घशातल्या सुट्या झालेल्या पेशी उतरतात. लॅबमध्ये नळी यंत्रात फिरवून पेशी तळाशी बसवतात आणि त्यातून डीएनए वेगळा काढतात.

३. मग पीसीआर. कोविडमुळे हा शब्द घराघरात पोचला आहे. विषाणूच्या डीएनएचा बारीकसा तुकडा असेल तर तो लाखो पटींनी वाढवून यंत्राला दिसेल असा करायचा.

४. विषाणू सापडला तर तो कोणत्या नंबरचा हे बघायचं. चांगल्या रिपोर्टमध्ये १६, १८ आणि इतर धोकादायक प्रकार वेगळे लिहिलेले असतात.

वाचकांना आठवत असेल, मे २०२१ मध्ये नागपूरच्या नीरी संस्थेने कोविडसाठी मीठपाण्याच्या गुळणीची पद्धत काढली होती. नाकात काडी न घालता नुसती गुळणी करून नमुना द्यायचा. इथेही नमुना घेण्याचा मार्ग तसाच सोपा, बिनदुखण्याचा आहे. फरक रिपोर्टच्या अर्थात आहे. कोविड पॉझिटिव्ह म्हणजे आज आजार आहे, आजच काळजी घ्यायची. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे असा अर्थ होत नाही.

पॉझिटिव्ह आला तर?

आधी घाबरायचं नाही. आकड्यांनीच सांगतो.

अमेरिकेत २००९-१० च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १४ ते ६९ वयाच्या साडेपाच हजारांवर लोकांची गुळणी तपासली. १००० माणसांमागे ६९ जणांच्या तोंडात कुठला ना कुठला एचपीव्ही सापडला. पुरुषांमध्ये प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट. पण ज्याची खरी भीती, तो १६ नंबरचा प्रकार १००० मागे फक्त १० जणांत होता. हे आकडे तिकडचे, आपल्यावर जसेच्या तसे लावू नयेत. पण प्रमाण कळायला उपयोगी आहेत. विषाणू बाळगणारे पुष्कळ आणि कॅन्सर होणारे त्यातले फार थोडे.

दुसरं म्हणजे, शरीर बहुतेक वेळा हा विषाणू स्वतःच घालवतं. ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या पुरुषांचा अभ्यास २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात नव्याने झालेल्या तोंडातल्या संसर्गांपैकी निम्मे सुमारे ७ महिन्यांत निघून गेले होते. धोका असतो तो १६ नंबरचा विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तर.

आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर एक रिपोर्ट म्हणजे त्या दिवशीची गल्ल्यातली रोकड. धंद्याचा ताळेबंद त्यावरून कळत नाही. तीच टेस्ट काही महिन्यांनी पुन्हा केली, तरच संसर्ग टिकला की गेला ते समजतं.

तिसरी गोष्ट घराघरातली. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून संसर्ग कधी झाला, कोणाकडून झाला हे कळत नाही. तो अनेक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. असा रिपोर्ट नवरा-बायकोच्या भांडणात पुरावा म्हणून वापरणं चूक आहे. आणि आमच्यासारखा फॅमिली ग्रुपवर टाकणं त्याहून चूक. आमचा निगेटिव्ह होता म्हणून निभावलं.

पॉझिटिव्ह संसर्ग घालवणारं औषध आज उपलब्ध नाही. कुणी विषाणू मारायच्या गोळ्या किंवा काढा विकत असेल तर हात जोडून पुढे चालावं. रिपोर्ट घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. ते घसा, टॉन्सिल, मान तपासतील, गरज वाटली तर दुर्बिणीने बघतील.

निगेटिव्ह आला तर?

दाजींचं घोडं इथेच अडलं. निगेटिव्हचा अर्थ एवढाच की त्या दिवशीच्या त्या गुळणीत विषाणूचा डीएनए सापडला नाही. त्यातून तीन गोष्टी मुळीच सिद्ध होत नाहीत.

एक, तंबाखू-सुपारीचा कॅन्सर नाही असं सिद्ध होत नाही. त्याचा एचपीव्हीशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. ही म्हणजे विजेचं बिल भरलं म्हणून पाण्याचंही भरलं असं समजण्यातली गत.

दोन, घशात एचपीव्ही नाहीच असंही ठामपणे म्हणता येत नाही. टॉन्सिलला बारीक खोल भेगा असतात. विषाणू त्यात लपलेला असला तर गुळणीच्या पाण्यात उतरेलच असं नाही. घशाचा एचपीव्ही कॅन्सर झालेल्या काही रुग्णांचीसुद्धा गुळणी निगेटिव्ह येते.

तीन, पुढे कधी संसर्ग होणार नाही असंही नाही.

मग ही टेस्ट कामाचीच नाही का?

तसं नाही. योग्य जागी ती कामाची ठरू शकते आणि त्यावर जगभर काम चालू आहे.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक केस प्रसिद्ध केली. कसलाही त्रास नसलेल्या एका माणसाच्या लाळेत १६ नंबरचा विषाणू वारंवार सापडत होता आणि त्याचं प्रमाण वाढत चाललं होतं. शेवटी टॉन्सिल काढून तपासले, तर एका टॉन्सिलमध्ये सुमारे २ मिलिमीटरची कॅन्सरची गाठ निघाली. हाताला लागली नसती, डोळ्याला दिसली नसती. ऑपरेशननंतर लाळेतला विषाणूही दिसेनासा झाला. ही केस आशा देणारी आहे. पण लक्षात घ्या, तिथे एका रिपोर्टवर निर्णय झाला नाही. पुन्हापुन्हा तपासून, संशोधनाच्या देखरेखीखाली झाला.

दुसरा उपयोग उपचारानंतरचा. एचपीव्हीच्या घशाच्या कॅन्सरवर उपचार झाल्यावरही गुळणीत तोच विषाणू सापडत राहिला, तर रोग उलटण्याचा धोका जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. अशा रुग्णांवर लक्ष ठेवायला ही टेस्ट मदत करू शकते. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

मात्र कसलाही त्रास नसलेल्या सर्वसामान्य माणसाने कॅन्सर शोधण्यासाठी ही टेस्ट सरसकट करावी, अशी शिफारस आज मोठ्या आरोग्यसंस्था करत नाहीत. गर्भाशयमुखासाठी एचपीव्ही टेस्टची शिफारस आहे, कारण तिथे कॅन्सरच्या आधीची अवस्था दिसते आणि ती वेळेत काढून टाकता येते. घशात तशी आधीची अवस्था पकडायची खात्रीची सोय अजून नाही. म्हणजे पॉझिटिव्ह कळलं तरी पुढे नेमकं काय करायचं हे ठरलेलं नाही. त्यामुळे आया-बहिणींनी तोंडाच्या टेस्टवर पैसे घालण्याआधी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. ती जीव वाचवते हे सिद्ध झालेलं आहे.

आणि एक. गाठ किंवा जखम दिसत असेल तर निदान लाळेवर होत नाही. त्या जागेचा लहान तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करूनच होतं. तो कॅन्सर एचपीव्हीचा आहे का हेही त्याच तुकड्यावर तपासतात.

बिनखर्चाची तपासणी : आरसा, बॅटरी आणि तीन बोटं

दंतवैद्यांनी मला हे सांगितलं तेव्हा खरं म्हणजे वाईट वाटलं. इतकं सोपं होतं.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात लोकांची तोंडं तपासत. २००५ साली निकाल आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. ना मशीन, ना लॅब. आपल्या सरकारी कार्यक्रमातही ३० वर्षांवरील माणसाचं तोंड ५ वर्षांतून एकदा तपासायचं असं ठरलेलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हक्काने मागा.

घरी महिन्यातून एकदा एवढं करा :

• उजेडात आरशासमोर उभं राहून चूळ भरा. गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू बघा.
• पांढरा किंवा लाल चट्टा, जो पुसून जात नाही.
• २ आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड आलेलं.
• स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालं आहे.
• तिखट सहन न होणं, आत जळजळ, गालाला आतून दोऱ्यासारखे पट्टे लागणं.
• मानेत न दुखणारी गाठ, २-३ आठवड्यांहून जास्त घसा दुखणं, एकाच कानात ठणका, गिळायला त्रास, आवाज बदलणं. ही लक्षणं घशाच्या कॅन्सरची असू शकतात, मग तंबाखू खात असा वा नसा.

यातलं एक जरी असलं तरी लॅबकडे नाही, डॉक्टरांकडे जायचं. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचं जयारोग्य रुग्णालय आहे, शहरात कॅन्सर हॉस्पिटल आहे. आपल्या भागात बेळगावचं सिव्हिल आहे, दंत महाविद्यालयांच्या ओपीडी आहेत. तिथे तोंड बघण्याचा खर्च त्या लाळेच्या टेस्टपेक्षा कितीतरी कमी येतो.

लसीचं काय?

एचपीव्हीविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर काम करते आणि ९ ते २६ वयाच्या मुली व मुलगे दोघांनाही देता येते. कोस्टारिकात झालेल्या अभ्यासात दुसऱ्या एका कंपनीची एचपीव्ही लस घेतलेल्या तरुणींच्या तोंडात १६ व १८ नंबरचा संसर्ग लस न घेतलेल्यांपेक्षा सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये गार्डासिल-९ या लसीच्या उपयोगांत घशाच्या कॅन्सरचा प्रतिबंधही जोडला.

लस संसर्गाआधी घ्यायची असते. झालेला संसर्ग ती घालवत नाही आणि गुटख्याचा कॅन्सर ती थांबवत नाही. मुलामुलींच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला.

लॅबला पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

१. ही टेस्ट एचपीव्हीची आहे की कॅन्सरची? दोन्ही एक नाहीत.
२. रिपोर्टमध्ये १६ नंबर वेगळा दाखवणार का?
३. पॉझिटिव्ह आलं तर पुढे कोणते डॉक्टर बघणार?
४. कोणत्या डॉक्टरांनी ही टेस्ट लिहून दिली आहे? कुणीच नाही, तर का करायची?

दाजींचं पुढे काय झालं?

मी फोन करून तीन बोटांची गोष्ट सांगितली. दाजी हसले. मग बराच वेळ फोनवर काही बोलले नाहीत. दोनच बोटं जात होती, तीही जेमतेम.

अक्काने दुसऱ्याच दिवशी त्यांना दंतवैद्यांकडे नेलं. निदान झालं सबम्युकस फायब्रोसिसचं. सुपारीमुळे गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. हा कॅन्सर नव्हे, पण काही जणांत पुढे कॅन्सर होतो. एका बाजूला पांढरा चट्टा होता, त्याची बायोप्सी झाली. कॅन्सर निघाला नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं आहे, तोंड उघडण्याचे व्यायाम दिले आहेत. आणि पहिली अट, पुडी बंद. सुपारीसुद्धा बंद.

पुडी सुटली का? दोनदा सुटली, दोनदा परत धरली. आता तिसऱ्यांदा सोडून दोन महिने झालेत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन नंबर आहे, १८००-११-२३५६. दाजींनी तो दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे असं अक्का सांगते.

तो निगेटिव्ह रिपोर्ट अजून आमच्या ग्रुपवर आहे. मी माझा अंगठा काढून घेतला आहे आणि त्याखाली लिहिलंय : "सगळ्यांनी आज जेवणाआधी तीन बोटं घालून बघा." अकरा जणांनी बघितली. एका चुलतभावाने मात्र उत्तर दिलेलं नाही. त्याला रविवारी प्रत्यक्ष भेटायला जाणार आहे.